गाडीवरचा समोसा आणि तळणारा हात

मागच्या महिन्यात एक पोरगा माझ्या ऑफिसात आला. हातात नोटीस नव्हती, वकीलपत्रावर सहीही करायची नव्हती. बी.ए. झालेला, नोकरीची वाट पाहून थकलेला. आईच्या मदतीने त्याने पोहे-चना आणि आलूबोंड्याची हातगाडी सुरू केली आहे. पहिल्याच दिवशी गाडीच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो लावला. आठ दिवसांनी शेजारचा गाडीवाला त्याला आपलेपणानेच म्हणाला, "बापू, धंदा करायचा असंल तर फोटो घरी ठेव." त्याआधी दोन-तीन गिऱ्हाइकांनी प्लेट हातात घेण्यापूर्वी आडनाव विचारले होते. पोराने मला विचारले, "वकीलसाहेब, फोटो ठेवू का काढू?"

अस्पृश्यता संपली असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मी त्या दिवशी त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार आज वाचकांसमोर मांडतो आहे.

आधी त्याच्या कढईत काय आहे ते पाहू. आलू मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर या वस्तू आपल्या किनाऱ्याला लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात लोक 'बटाटा' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजांचाच. म्हणजे आलूबोंड्यातून आलू आणि मिरची काढली, तर आपल्या 'प्राचीन परंपरे'च्या हाती बहुतेक बेसनाची टरफलेच उरतात! समोसा इराण आणि मध्य आशियातून आला. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीत महंमद तुघलकाच्या दरबारी होता. तिथल्या समोशात खिमा, बदाम, पिस्ते आणि कांदा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. जिलेबी ही अरबांची 'जलाबिया'. पाव पोर्तुगीजांचा. त्या पावात आलूचा वडा घालून १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी विकायला सुरुवात केली, असे सांगतात. पुढे गिरणी कामगारांचे पोट त्यावर भरले. आपल्या विदर्भाचा अभिमान असलेली शेगावची कचोरी १९५० साली पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी रेल्वे स्टेशनवर सुरू केली.

परधर्मीयांचा समोसा चालतो, फिरंग्यांचा पाव चालतो, सातासमुद्रापलीकडची मिरची देवाच्या नैवेद्यातही चालते. पदार्थाची जात कोणी विचारत नाही. मग तळणाऱ्या हाताची जात का विचारली जाते? ज्यांना बाटण्याची एवढी भीती आहे, त्यांचे ताट तर केव्हाच जगभर फिरून आले आहे. भीती आहे ती माणसाची.

रस्त्यावरच्या खाण्याचा इतिहास लिहिणारे चवीबद्दल भरभरून लिहितात. पण काही माणसांना रस्त्यावर उभे राहून का खावे लागले, हे क्वचितच लिहिले जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये 'बनी चाउ' नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. पाव आतून कोरायचा आणि त्यात झणझणीत रस्सा भरायचा. तो तिथल्या भारतीयांनी काढला, आणि 'बनी' हा शब्द 'बनिया'वरून आला असे मानतात. काळ्या माणसाला हॉटेलात बसू द्यायचे नाही अशी ती व्यवस्था होती. मग ताट-वाटीशिवाय हातात नेता येईल असे जेवण त्याला पावात भरून दिले जाई, असे तिथले लोक सांगतात. आज पर्यटक ते आवडीने खातात.

अमेरिकेतला दाखला तर कोर्टाच्या निकालातच आहे. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे हॉटेल १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. या हॉटेलातले बहुसंख्य नोकर काळे होते. रांधणारे, वाढणारे हात चालत होते. पण काळे गिऱ्हाईक आत बसू शकत नव्हते. त्याने पदार्थ बांधून घ्यायचा आणि बाहेर जायचे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर मालक कोर्टात गेला आणि डिसेंबर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. निकालाचा आधार मात्र वकिलालाही चकित करणारा आहे. या हॉटेलातले बरेच मांस दुसऱ्या राज्यातून येते, म्हणून हा आंतरराज्य व्यापाराचा प्रश्न ठरतो आणि संसदेला त्यावर कायदा करता येतो, असे न्यायालयाने म्हटले. माणसाला खुर्ची मिळावी म्हणून मांसाचा प्रवास शोधावा लागला!

आपल्या संविधानाला अशी आडवाट शोधावी लागली नाही. कलम १५(२) सरळ सांगते, की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. अस्पृश्यता नष्ट करणारे आजचे कलम १७ त्याच दिवशी मंजूर झाले. पुढे १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. ज्यांच्या आजोबांनी टपरीच्या छपरात खोचलेल्या वेगळ्या कपात चहा घेतला, त्यांना या कलमाचे मोल सांगायला नको.

पण ही कलमे मुख्यतः खाणाऱ्यासाठी आहेत. त्या पोराचा प्रश्न विकणाऱ्याचा आहे. गिऱ्हाईक आलेच नाही तर?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात उभा राहिला होता. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उघडले. स्वच्छता चांगली, चहा चांगला. तरी सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करून चहा मागवू लागले. सोबतच्या बड्या मंडळींना मग नाही कसे म्हणता येणार? महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यासाठी पुढे आले ते हेच गंगाराम कांबळे.

शाहू महाराजांनी हुकूम काढला नाही, ते गिऱ्हाईक झाले. ही गोष्ट आपण व्याख्यानात सांगतो, टाळ्याही घेतो. आचरणात किती आणतो?

कायदा अगदीच रिकाम्या हाताने बसलेला नाही. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या दुरुस्तीने २६ जानेवारी २०१६ पासून आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. 'यांच्याकडून काही घेऊ नका' असे कोणी ठरवून सांगत असेल तर पुरावा जमवा, तक्रार द्या. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाण्याच्या दुकानदारांना नावांच्या पाट्या लावण्याचे फर्मान निघाले. नाव कळले की धर्म कळतो, जात कळते. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ विकता ते लिहा, नाव लिहिण्याची सक्ती नको, असे न्यायालयाने म्हटले.

हातगाडीसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. तरी कढईसकट गाडी उचलून नेल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात, यादीचा कागद कोणाकडेच नसतो. या कायद्याच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. आपण आमदारकी-नगरसेवकपदासाठी भांडतो. या समितीच्या निवडणुकीत आपला किती जण अर्ज भरतो?

आणि एकट्या गिऱ्हाइकाने मुकाट्याने पाठ फिरवली, तर त्यावर कलम लागत नाही. तिथे समाजाने उभे राहिले पाहिजे. १४ एप्रिलला पाटीपुऱ्यापासून गावोगावच्या वस्त्यांपर्यंत आपण नाश्ता वाटतो. तो कोणाकडून घेतो? लग्नाचा, नामकरणाचा, शिबिराचा चहा कोणाला सांगतो? मात्र 'आपला आहे' म्हणून उधारी बुडवायची नाही. रोख पैसे द्यायचे. विकणाऱ्यानेही चव, स्वच्छता आणि वेळ यांत कमी पडायचे नाही. गंगारामांचा चहा महाराज आले म्हणून चांगला झाला नव्हता.

त्या पोराला मी परवा उत्तर दिले. फोटो ठेवायचा की काढायचा हा तुझा हक्क आहे, तुझ्या पोटाशी खेळून मी शौर्य शिकवणार नाही. ठेवलास तर कायद्याची बाजू मी पाहतो. आणि पुढच्या रविवारच्या बैठकीला पन्नास प्लेट पोहे लागतील, ॲडव्हान्स घेऊन जा.

त्याने पैसे मोजून खिशात ठेवले. "तर्री जास्त टाकू का, वकीलसाहेब?" एवढेच विचारले. काल सकाळी कोर्टात जाताना मी गाडीवर थांबलो. फोटो जागेवर होता.