ताराबाईंचा सत्तालोप आणि साखरखेर्ड्याची लढाई

१७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. तथापि त्यांचा अधिकार पुत्राच्या नावाने चालत होता, हेच त्याचे मर्मस्थान होय. १७०७ मध्ये थोरल्या शाखेचे शाहू मोगलांकडून सुटून आले. खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष पराभूत झाला व साताराही गेला. पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यास दरबारातच सत्तांतर घडले. सवत राजसबाई यांनी आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसविले. ताराबाई व शिवाजी कैदेत पडले. गादीवरील पुत्र पालटताच राजमातेचा अधिकार सरला.

राज्याची दुफळी मात्र मिटली नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये वऱ्हाडातील साखरखेर्डा येथे मुबारिजखानास ठार करून निजामुल्मुल्क दक्षिणेत वस्तुतः स्वतंत्र झाला. १७२७ मध्ये, चौथाईचा खरा धनी सातारा की कोल्हापूर, असा वाद उपस्थित करून त्याने वसुली रोखली. १७२८ मध्ये पालखेड येथे बाजीरावांनी तो डाव मोडला. म्हणून ताराबाईंचा पाडाव ही केवळ सवतीमत्सराची कथा मानणे अपुरे ठरते; त्या घरातील फुटीचा लाभ साखरखेर्ड्याच्या विजेत्याने घेऊ पाहिला.