ठासणीच्या बंदुकीची चांदमारी : एका संथ खेळाची उतरती कळा

'१८५७ च्या उठावाची कारणे लिहा' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी सोडविलेला असतो. त्या उत्तरात चरबी लावलेल्या काडतुसांचा मुद्दा कोणी विसरत नाही. काडतुसाचे टोक शिपायाला दातांनी तोडावे लागे, हेही आपण न चुकता लिहितो. पण ते दातांनीच का तोडावे लागे, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही.

त्याचे उत्तर त्या बंदुकीच्या रचनेत आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते ती. तिचे काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी असे. आत मोजून भरलेली दारू, तिच्यापाशी शिशाची गोळी आणि गोळीकडचा भाग चरबीत बुडविलेला. शिपायाच्या एका हातात उभी धरलेली बंदूक आणि दुसऱ्या हातात काडतूस; मग कागद फाडायला दातांवाचून दुसरे साधन उरते कोणते?

हीच एन्फील्ड रायफल अमेरिकेत आणि युरोपात हौशी नेमबाज आजही चालवितात, तिच्यासाठी काळी दारू भरतात आणि तिने स्पर्धा खेळतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. परंतु या स्पर्धांना उतरती कळा लागली आहे. मैदाने आहेत, बंदुका आहेत, बक्षिसेही आहेत. कमी होत आहेत ते नेम धरणारे. असे का व्हावे, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम या दारूविषयी. सोरा सुमारे ७५ भाग, कोळसा १५ भाग आणि गंधक १० भाग, ही काळ्या दारूची जुनी कृती होय. ती चीनमध्ये जन्मली आणि हजार वर्षे जगाच्या लढाया तिच्यावर झाल्या. यातील सोऱ्याशी आपल्या देशाचा निकटचा संबंध आहे. बिहारमधील मातीतून काढलेला सोरा ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याहून जहाजे भरभरून इंग्लंडला नेत असे. ही दारू पेटली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता काजळी आणि क्षार होऊन मागे राहतो. म्हणून बार उडताच पांढऱ्या धुराचा ढग उठतो आणि नळी आतून काळी होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली आणि काळ्या दारूचे लष्करातील राज्य थोड्याच वर्षांत संपले.

आता एक बार कसा उडतो ते पाहू, कारण या खेळाचे सारे मर्म त्यात आहे. चकमकीची बंदूक घेतलेला स्पर्धक प्रथम दारू मापात ओततो आणि मापातून नळीत. दारूच्या शिंगातून ती थेट नळीत ओतायची नसते. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर हातातले शिंगच फुटावयाचे. मग नळीच्या तोंडावर तेल किंवा थुंकी लावलेली कापडाची चिंधी, तिच्यावर शिशाची गोल गोळी. आखूड दांडक्याने ती आत सारायची आणि लांब गजाने थेट दारूवर नेऊन बसवायची. मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. मग नळीच्या कानाजवळच्या लहानशा वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची. चाप ओढला की घोड्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या रंजकात पडतात, ती भडकते आणि तिची आग कानातून आतल्या दारूला पोचते. या साऱ्याला क्षणाचा काही अंश लागतो. पण त्या अंशात डोळ्यांसमोर जाळ उठत असतो, आणि तरीही नेम ढळू द्यायचा नसतो. या खेळातील खरी कसोटी ती हीच. काही बार झाले की नळी पुसायची. घरी गेल्यावर ती पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावायचे. आळस केला तर क्षार ओल धरतात आणि नळीला लवकरच गंज चढतो.

स्पर्धांची ही परंपरा अमेरिकेत रुजली ती अठराव्या शतकात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून पेन्सिल्व्हेनियात येऊन स्थायिक झालेल्या कारागिरांनी आपल्याकडची आखूड शिकारी रायफल लांब आणि सडपातळ केली. आतून पीळदार खाचा असलेली नळी आणि मेपलच्या लाकडाचा दस्ता अशी ही लांब रायफल पुढे केंटकीच्या नावाने प्रसिद्ध झाली. सरहद्दीवरच्या वस्त्यांत नेमबाजी ही उपजीविका होती आणि करमणूकही. पक्ष्यांची चित्रे काढून अजरामर झालेल्या ऑड्युबनने केंटकीतील अशा खेळांचे वर्णन लिहून ठेवले आहे. दूरवरचा खिळा गोळीने ठोकणे आणि रात्री पेटत्या मेणबत्तीची काजळी उडवून ज्योत न विझविणे, हे त्यांतले दोन. गावोगाव बैलाच्या मांसासाठी सामने होत. मागचे दोन भाग, पुढचे दोन भाग, कातडे व चरबी अशी बक्षिसांची वाटणी असे आणि कोठे कोठे निशाणामागच्या झाडात रुतलेले शिसेही बक्षीस म्हणून धरले जाई. पहिल्या महायुद्धातील प्रसिद्ध अमेरिकन सैनिक आल्व्हिन यॉर्क टेनेसीतील अशाच डोंगराळ मुलखात नेमबाजी शिकला होता.

ठासणीच्या बंदुकीचा मोठा पराभव झाला तो मात्र रणांगणावर नव्हे, तर एका सामन्यात. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरून सामना झाला. आयरिश नेमबाज ठासणीच्या रायफली घेऊन आले होते. अमेरिकनांच्या हाती मागून काडतूस भरावयाच्या नव्या रायफली होत्या. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१ असा निकाल लागला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अगदी मध्यावर बसली होती, पण चुकून शेजारच्या निशाणाच्या. ती आपल्या निशाणावर पडती तर निकाल फिरला असता. एवढ्या थोड्या फरकाने का होईना, नवी बंदूक अचूकपणातही जुनीला भारी आहे हे जगाला पटले.

यानंतर ठासणीची बंदूक डोंगरखोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या घरी खुंटीवर लटकत राहिली. तिला पुन्हा खाली काढले ते हौशी लोकांनी. १९३१ मध्ये ओहायो राज्यातील पोर्ट्‌समथ येथे जुन्या बंदुकांचा एक सामना भरला आणि त्यातून १९३३ मध्ये या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या चिमुकल्या खेड्यात तिचे मैदान आहे. १९५० मध्ये अमेरिकन यादवी युद्धातील पलटणींच्या नावाने आणि गणवेशात खेळणाऱ्या संघांची दुसरी संघटना निघाली. तिचे मैदान व्हर्जिनियात विंचेस्टर गावाजवळ आहे. पुढे १९७१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवरही सामने सुरू झाले. त्यांचा नियम साधा आहे : ३० मिनिटांत १३ बार, त्यांतले उत्तम १० धरायचे. त्यातील तोड्याच्या बंदुकीच्या एका स्पर्धेला तानेगाशिमा हे जपानी बेटाचे नाव आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात प्रथम आली ती याच बेटावर.

हा खेळ फोफावला तो १९५० ते १९८० च्या दरम्यान, आणि त्याची कारणे समजली की ऱ्हासाचीही समजतात. १९५४-५५ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेने डेव्ही क्रॉकेट हा सरहद्दीचा नायक घरोघरी नेला. १९६१ पासून यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली. १९७६ मध्ये स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली. याच सुमारास इटलीतील कारखाने जुन्या बंदुकांच्या स्वस्त प्रतिकृती करून पाठवू लागले. उत्सवाच्या या लाटांवर एक सबंध पिढी मैदानात उतरली. मालिका पाहून लाकडी बंदूक खांद्यावर घेणारा तेव्हाचा दहा वर्षांचा मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. लाटेबरोबर आलेली पिढी लाटेसारखीच एकदम ओसरते. तिच्यामागून तेवढीच मोठी दुसरी लाट आली नाही, हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक विचित्र आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणांची शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम ठेवलेला असतो. जुन्या कलेला वाव मिळावा हाही त्यामागचा एक हेतू. पण १९८५ मध्ये टोनी नाइट या कारागिराने एक नवी रायफल बाजारात आणली. ती भरायची नळीच्या तोंडातूनच, म्हणजे कायद्याने ठासणीची. बाकीची घडण मात्र आधुनिक रायफलीची. मागोमाग दारूच्या आयत्या वड्या, प्लॅस्टिकच्या वेष्टनातील गोळी आणि वर दुर्बीण हेही आले. शिकाऱ्यांनी या बंदुका हौसेने घेतल्या. ठासणीच्या बंदुका अशा रीतीने खूप खपल्या, पण त्या घेणाऱ्याला चिंधी आणि गारगोटी शिकण्याची गरज उरली नाही आणि हंगाम संपल्यावर मैदानावर येण्याचेही कारण उरले नाही. कायद्याने कवच राखले. गाभा मात्र निसटला.

तिसरे कारण दारूचे. धूर न करणारी दारू दुकानाच्या फळीवर ठेवता येते. काळी दारू मात्र कायद्याच्या लेखी स्फोटक. तिच्यासाठी परवाना हवा, वेगळे कोठार हवे, पाठविण्याचा खर्च वेगळा. साहजिकच गावातला दुकानदार ती ठेवीनासा झाला. १८०२ मध्ये ड्युपाँने डेलावेअरमध्ये दारूची गिरणी काढली होती. त्या घराण्याच्या धंद्याचा वारसा सांगणारा 'गोएक्स' हा अमेरिकेतील काळ्या दारूचा मोठा कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचे त्याच्या मालकांनी जाहीर केले, तेव्हा नेमबाजांच्या तोंडचे पाणी पळाले. २०२२ मध्ये तो कारखाना विकत घेतला एस्टेस या कंपनीने. ही कंपनी मुलांची खेळण्यातील अग्निबाणे करणारी! त्या बाणांनाही काळीच दारू लागते. एका खेळाचा जीव दुसऱ्या खेळण्यामुळे वाचला, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथे कारण वेळेचे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधुनिक बंदुकीची नेमबाजी थोड्या दिवसांत हाती येऊ लागते. येथे मात्र चिंधीची जाडी, दारूचे माप, गारगोटी घोड्यात बसविण्याचा कोन हे सारे प्रत्येक बंदुकीला वेगळे. हे पुस्तकात लिहिता येते, पण कळते ते शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाकडून. 'गज अजून बोटभर आत जायला हवा' हे त्याला आवाजावरून समजते. असा माणूस मैदानावर येईनासा झाला की नवशिक्याचे बार फुकट जातात, रंजक नुसतीच भडकते, बंदुकीला गंज चढतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. नवशिके नाहीत म्हणून जाणत्यांचाही उत्साह मावळतो. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबविणे कठीण.

यावर कोणी म्हणेल, बंदुकीचा एक खेळ बुडाला तर बुडू द्या. बंदुकांनी तेथे थोडा का अनर्थ केला आहे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेत शाळांतून झालेले गोळीबार आपण वाचले आहेत. परंतु मिनिटभरात मोठ्या कष्टाने एक बार काढणाऱ्या या बंदुकीचा त्या अनर्थाशी फारसा संबंध नाही. १९६८ च्या अमेरिकन शस्त्रकायद्यानेही या जुन्या धर्तीच्या बंदुकांना बव्हंशी वगळले आहे. उलट एक बार फुकट गेला तर पुन्हा पहिल्यापासून सारे करावे लागते, या जाणिवेने येणारा संयम हेच या खेळाचे शिक्षण आहे.

प्रयत्न अगदीच होत नाहीत असे नाही. काही मंडळे नवख्यांना आपल्या बंदुका वापरावयास देतात. ग्रामीण मुलांच्या 'फोर-एच' या चळवळीत ठासणीच्या बंदुकीची नेमबाजी हा एक शिकविण्याचा विषय आहे. २०२६ हे अमेरिकन स्वातंत्र्याच्या घोषणेचे २५० वे वर्ष. त्या निमित्ताने आणखी एक लाट येईल अशी आशा बाळगणारेही आहेत. पण मागचा अनुभव असा की, उत्सव माणसांना मैदानापर्यंत आणतो. त्यांना तेथे टिकवितो तो शिकविणारा.

आपल्याकडे ठासणीची बंदूक कधी खेळाची झाली नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पिकांच्या राखणीसाठी तिच्या परवान्याची तरतूद आहे आणि कोकणात कित्येक घरी ती अजून आढळते. तेथेही दारू किती आणि ठासणी कशी हे मुलगा बापाकडूनच शिकत आला आहे. वस्तू संग्रहालयात ठेवता येते, तिची कृती पुस्तकात ठेवता येते; हाताची सवय मात्र दुसऱ्या हातातच ठेवावी लागते. आणि १८५७ चे काडतूस दातांनीच का तोडावे लागे, हे ज्याने स्वतः एकदा ती बंदूक भरली आहे त्याला कोणी सांगावे लागत नाही.