हिमभूमीतील अभावांचा अर्थ : 'गेथेन'चा भूगोल

उर्सुला ल ग्विन (१९२९-२०१८) यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या विज्ञानकादंबरीची चर्चा प्रामुख्याने लिंगभावाच्या अंगाने झालेली आहे. गेथेन या काल्पनिक ग्रहावरील माणसे एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. महिन्यातील काही दिवसच यांपैकी एक रूप त्यांच्यात प्रकट होते. ही कल्पना इतकी लक्षवेधी आहे, की तेथील थंडी केवळ पार्श्वभूमी ठरते. वस्तुतः हा भूगोल कादंबरीच्या आशयसूत्राचाच घटक होय.

गेथेन हिमयुगातून जात आहे. त्याच्या महाखंडावर पूर्वेस कारहाइडचे राज्य, पश्चिमेस ओर्गोरेन आणि उत्तरेस या दोहोंना भिडलेले गोब्रिन हे विस्तीर्ण हिमक्षेत्र आहे. अद्भुत प्रदेश उभा करताना लेखक सामान्यतः विलक्षण प्राण्यांची भर घालतात. ल ग्विन प्राणी वजा करतात. येथील सर्वांत मोठा भूचर 'पेस्थ्री' हा कोल्ह्याएवढा, अंडी घालणारा, शाकाहारी व केसाळ प्राणी आहे. दुभती जनावरे नसल्याने दूध-लोणी नाही. पोषणाची भिस्त अंडी, मासे आणि धान्यावर. आकाशात काहीच उडत नसल्याने, वीज आणि रेडिओ असूनही, उडण्याची कल्पना या समाजाला सुचलेली नाही. मुंग्यांसारखे समूहजीवी कीटकही नाहीत. येथे भांडणे आणि खून होतात, परंतु युद्ध झालेले नाही. हे लोक मुंग्यांप्रमाणे एकवटत नाहीत, अशा आशयाचे निरीक्षण निवेदक गेन्ली आय नोंदवितो, तेव्हा प्राणिसृष्टीतील ही उणीव समाजरचनेचे रूपक बनते.

युद्धाच्या या अभावाचे कारण शरीररचना की हवामान, हा प्रश्न कादंबरी मुद्दाम खुला ठेवते. माणसाहून क्रूर शत्रू थंडीच्या रूपाने समोर असल्यावर आपसात लढण्यास बळ उरत नाही, ही शक्यता ती सुचविते. मात्र भूगोल म्हणजे नियती नव्हे. त्याच हिमभूमीवर ओर्गोरेनने नोकरशाही आणि बंदिवानांच्या छावण्या उभारल्या आहेत, आणि सीमावादातून युद्धाची चाहूलही लागलेली आहे.

या विचाराची परिणती गोब्रिनवरील प्रवासात होते. गेन्ली आणि एस्त्रावेन हे दोघे स्लेज ओढत शेकडो मैल हिम तुडवितात. आरंभी ज्वालामुखींची राख आणि आग दिसते. पुढे सजीवाची खूणही उरत नाही. मग असे हवामान येते, की सर्वत्र सारखाच पांढरा प्रकाश पसरतो आणि सावली नाहीशी होते. सावली नसल्याने भेगा दिसत नाहीत, पाऊल टाकणे अशक्य होते. चालण्यासाठी प्रकाशाइतकीच काळोखाचीही गरज असते, हे येथे तत्त्वचर्चेतून नव्हे, तर पायांखालच्या बर्फातून कळते. परस्परांविषयी साशंक असलेली दोन माणसे एकमेकांचे वेगळेपण स्वीकारतात, तीही याच प्रवासात. शीर्षकातील काळोखाचा अर्थ म्हणूनच या हिमभूमीला वगळून लावता येत नाही.