थंडीचा आकडा आणि वाऱ्याची ओळ

९ डिसेंबर २०२४ च्या सकाळी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा १३.७ अंशांवर उतरला आणि मुंबईकरांना दिवसभर दुसरा विषय उरला नाही. डिसेंबरात इतका गारठा नऊ वर्षांनी पडला होता. अशा वेळी जुने आकडेही हमखास वर येतात. २० डिसेंबर १९४९ चे १०.६ अंश हा या महिन्याचा नीचांक. २२ जानेवारी १९६२ चे ७.४ अंश हा सांताक्रूझचा आजवरचा. बोरिवली, मुलुंडमध्ये कपाटाच्या तळाशी गेलेले स्वेटर बाहेर येतात आणि थंडी 'पडली' यावर शिक्कामोर्तब होते.

त्याच दिवशी, त्याच हवामान विभागाकडून आणखी एक पत्रक निघते. त्यात पाऱ्याचा उल्लेख नसतो. वारा कुठून येणार, किती वेगाने, समुद्र कसा राहणार, दृश्यमानता किती, एवढेच चार ओळींत असते. किनाऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी हे किनारी पत्रक काढतात. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईच्या कोळीवाड्यांचा दिवस या चार ओळींवर ठरतो. उपनगरातल्या बाकीच्यांनीही ते वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. आपण ज्याला थंडी म्हणतो, ती मुळात वाऱ्याची करणी आहे.

वारा कोणत्या वाटेने आला?

दिवाळी सरली, कार्तिक उतरणीला लागला की उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ एकामागून एक सरकू लागतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे निघून जातात. त्यांच्या पाठोपाठ कोरडी, थंड, जड हवा राजस्थान-गुजरातवर उतरते. तिथे हवेचा दाब वाढतो, दक्षिणेकडे तो कमी असतो आणि या फरकामुळे वारा कोकणाकडे वाहू लागतो. दाबातला फरक जितका तीव्र, तितका वाऱ्याला जोर.

हा वारा मुंबईत दोन वाटांनी येतो. उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून जमिनीवरून आला, तर गारवा टिकवून येतो. आकाश निरभ्र असेल आणि रात्री वारा पडला, तर जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते आणि पहाटे पारा घसरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन्ही अंगांना, म्हणजे बोरिवलीत आणि मुलुंडमध्ये, कुलाब्यापेक्षा थंडी जास्त वाजते ती यामुळेच. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाण्याची ऊब असते. उलट तोच वारा सौराष्ट्राला वळसा घालून वायव्येकडून समुद्रावरून आला, तर वाटेत कोमट पाण्यावरून येताना त्याची धार बोथट होते. पारा फारसा उतरत नाही, पण वेग मात्र राहतो.

म्हणजे मुंबईची सर्वांत थंड पहाट ही पुष्कळदा शांत पहाट असते. समुद्र सर्वांत खवळलेला असतो त्या दिवशी पारा नीचांकावर असेलच असे नाही. थंडीच्या आकड्यावरून समुद्राची परीक्षा का करता येत नाही, याचे उत्तर इथे आहे.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार पुष्कळांना आठवत असेल. आदल्या दिवशी अवेळी पावसाचा शिडकावा झाला होता. मग पाकिस्तान आणि गुजरातच्या बाजूने उठलेली धूळ जोराच्या वाऱ्याबरोबर अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आली. उन्हाला पिवळट झाक आली, समोरच्या इमारती धूसर झाल्या, गाड्यांवर मातीचा थर बसला आणि भर दुपारीही अंगाला गार लागत होते. शहरात चर्चा झाली ती धुळीची आणि गारठ्याची. दोन्ही घेऊन येणारा वारा आधी समुद्रावरून आला होता, तिथे होड्या असतात, हे फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

पत्रक वाचायचे कसे?

पहिली गोष्ट दिशेची. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिथून येतो त्या दिशेचे. 'वायव्य वारे' म्हणजे वायव्येकडून येणारे. समुद्राच्या प्रवाहाचे उलट असते. तो जिकडे जातो, ती त्याची दिशा.

दुसरी गोष्ट वेगाची. पत्रकात वेग कधी नॉट्समध्ये असतो, कधी ताशी किलोमीटरमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे इथे विसरता कामा नये. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात निवांत चाललेली होडी ४० च्या वाऱ्यात दुप्पट नाही, चौपट रेटा सोसत असते. वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाणार असेल, पावसासह सोसाट्याचा वारा सुटणार असेल किंवा लाटा चार मीटरला पोचणार असतील, तर हवामान विभाग मच्छीमारांसाठी वेगळा इशारा काढतो.

तिसरी ओळ समुद्राच्या स्थितीची. 'मध्यम' म्हणजे सव्वा ते अडीच मीटरची लाट, 'खवळलेला' म्हणजे अडीच ते चार मीटरची, आणि त्यापुढे 'अतिशय खवळलेला'. ही उंची सरसकट सगळ्या लाटांची नसते. उंचीने वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अंदाज दोन मीटरचा असला, तरी मधूनच एखादी लाट जवळजवळ चार मीटरची येऊ शकते. होडी उलटते ती अशा एकट्यादुकट्या लाटेने.

हिवाळ्यातल्या अंदाजाची एक अडचण आहे. अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर जानेवारी २०२२ पासून डॉप्लर रडार चालू आहे. पावसाळ्यात ते फार मोलाचे काम करते, पण रडारला मुख्यतः दिसतात ते पावसाचे थेंब. निरभ्र आकाशातला कोरडा वारा त्याच्या हाती क्वचितच लागतो. अशा वेळी भिस्त असते ती दाबाच्या नकाशांवर, समुद्रातल्या बोयांवर, संगणकीय प्रारूपांवर आणि उपग्रहांवर. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी इस्रोने सोडलेल्या ईओएस-०६ या उपग्रहावर स्कॅटरोमीटर नावाचे उपकरण आहे. ते समुद्राकडे सूक्ष्मलहरी पाठवते. वाऱ्याने पाण्यावर उठवलेल्या बारीक लहरींवरून त्या कशा परततात, हे मोजून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढली जाते.

इथे वारा नाही, तरी लाट कशी?

कधी कधी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वारा मंद असतो, तरीही लाटांचे तडाखे चालू असतात. याचे कारण फार लांब सापडते. हिवाळ्यात इराणच्या आखातावरून आणि ओमानच्या बाजूने 'शमाल' नावाचे वायव्येचे जोरदार वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी या लाटांचा माग काढून ठेवला आहे. तिकडचा वारा पडला तरी लाटा चालतच राहतात. म्हणून वाऱ्याच्या अंदाजाबरोबर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाजही पाहावा लागतो.

याच्या उलट फसवणूक पूर्वेचा वारा करतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा जुन्या शिडांच्या होड्यांना बाहेर न्यायचा आणि दुपारचे खारे वारे त्यांना परत आणायचे. पण हिवाळ्यात पूर्वेचा जोर वाढला, की किनाऱ्याजवळ पाणी संथ दिसते, कारण लाट वाढायला तिथे अंतरच नसते. जसजसे बाहेर जावे, तसतशी लाट मोठी होते. अशा वेळी इंजिन बंद पडले, तर वारा होडीला किनाऱ्याकडे आणण्याऐवजी खोल पाण्याकडे लोटतो. बंदरातून समुद्र शांत दिसला म्हणून निघावे, हा हिशेब पूर्वेच्या वाऱ्यात चुकतो.

खाडीचे तोंड आणि डोळ

उपनगरांच्या किनाऱ्याला आणखी एक गोष्ट अवघड करते. इथली बंदरे उघड्या समुद्रावर नाहीत, ती वर्सोव्याच्या आणि मनोरीच्या खाडीत आहेत. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. ओहोटीचे पाणी खाडीतून जोराने बाहेर पडत असेल आणि समोरून वायव्येची लाट आत येत असेल, तर तोंडाशी दोन्हींची टक्कर होते. लाटेची लांबी आखूड होते, उंची वाढते आणि ती उभी राहून फुटते. वर्सोव्याच्या तोंडाशी गाळ साचल्याने बोटींना आत यायला आधीच भरतीची वाट पाहावी लागते. पत्रकात 'मध्यम' असलेला समुद्र या ठिकाणी खवळलेला असू शकतो. म्हणून होडी हाकणारा तांडेल वाऱ्याची ओळ एकटी वाचत नाही. तिथी, भरतीची वेळ आणि वारा यांची सांगड घालून मगच दोर सोडायचा की नाही ते ठरवतो.

त्याची ओढाताणही समजून घेतली पाहिजे. इथली पिढीजात मासेमारी डोळ जाळ्यांची. खुंटांना बांधलेले हे लांब पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाला उघडे धरतात आणि बोंबील, जवळा पाण्याच्या ओढीने आत येतात. उधाणात ओढ जास्त म्हणून मासळी जास्त, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत ती कमी. उधाणाचे मोजके दिवस वाऱ्यात गेले, तर त्या पंधरवड्याची मिळकत बुडते.

याच वाऱ्याची दुसरी बाजू मढच्या किनाऱ्यावर दिसते. ताजे बोंबील दोन-दोनच्या जोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून बांबूंच्या वलांड्यांवर टांगतात. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की बोंबील छान कडक होतात. मग एखादे वादळ येते. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला 'ओखी' केरळ आणि कन्याकुमारीच्या मच्छीमारांवर काळ होऊन गेले आणि विरत विरत उत्तरेकडे आले. ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस पडला, शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि किनाऱ्यावर उघड्यावर वाळणारी मासळी भिजली. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. कोकणात बोटी बुडाल्या, घरचे कर्ते गेले. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ कोळीवाड्यांसाठी मासळीच्या भराचा, पण समुद्र निर्धोक झाला असे मानण्याचा नाही.

इशारा होडीपर्यंत पोचतो का?

मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले या बंदरांना वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था १८८० साली सुरू झाली. बंदरावर बावटा चढायचा, रात्री दिवे लागायचे. क्रमांक १ ते ११ ची ती पद्धत आजही चालू आहे. पण बावटा दिसतो तो बंदरात असलेल्याला. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर तुटते. 'ओखी'ने ही उणीव उघडी पाडली. खोल समुद्रात गेलेल्यांना परत बोलावणार कसे, याला उत्तर नव्हते. केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी त्या वेळी देवगडच्या आश्रयाला आल्या.

त्यानंतर पावले पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारा घेणारे 'जेमिनी' हे उपकरण आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्गे संदेशांची देवाणघेवाण करणारी उपकरणे, बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. या सोयी छोट्या होड्यांपर्यंत पोचायलाच हव्यात, त्यात तडजोड नको. त्याबरोबर एक स्वस्त गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. प्रत्येक कोळीवाड्याच्या मच्छीमार सोसायटीबाहेर रोज मराठीत एक फळा लागावा: वारा कुठून, ताशी किती किलोमीटर, लाट किती मीटर, भरती-ओहोटी किती वाजता. अंदाज उत्तर महाराष्ट्राच्या सबंध किनाऱ्याचा एकत्र न देता खाडीच्या तोंडापर्यंत बारकाईने द्यावा, ही मागणीही रास्त आहे.

आणि आपण? गोराईच्या पॅगोडाला जाण्यासाठी बोरिवलीहून बोट धरणारे, मार्वेहून मनोरीला आणि वर्सोव्याहून मढला फेरीने रोज जाणारे हजारो लोक याच पाण्यावरून जातात. फेरी बंद असली की आपण खिडकीवर हुज्जत घालतो. त्याऐवजी निघण्यापूर्वी पत्रकातली वाऱ्याची ओळ पाहावी आणि तांडेल 'आज नाही' म्हणाला तर त्याचा शब्द मानावा. थंडीचा आकडा आपल्याला स्वेटर घालायचा की नाही एवढेच सांगतो. माणसे सुखरूप घरी येतील की नाही, हे वाऱ्याच्या ओळीवर ठरते, म्हणून ती आधी वाचली पाहिजे.