सुरतेवर सहकुटुंब स्वारी

घरात कॉलेजात जाणारे कोणी असले की सहलीचे वेळापत्रक, आरक्षण आणि ‘काय काय पाहायचे’ याची यादी हे सारे त्याच्या गळ्यात पडते. बरोबर दहा ते चौदा वर्षांची भावंडे असतील तर काम अधिकच बिकट. या वयाचे मूल धड लहान नसते, धड मोठेही नसते. बागेतल्या झोपाळ्याकडे नेले तर त्याला अपमान वाटतो आणि देवळाची शिल्पशैली समजावू लागलो तर ते जांभई देते. मात्र एक गोष्ट त्याला नुकतीच येऊ लागलेली असते, ती म्हणजे पुस्तकात वाचलेल्यावर शंका काढणे. अशा मुलांना कोणते शहर दाखवावे, असे मला कोणी विचारले तर मी सुरतेचे नाव घेईन.

आपल्या मुलांना सुरत एकाच ओळीत ठाऊक असते. शिवाजी महाराजांनी ती लुटली, आणि तीही दोनदा, १६६४ मध्ये व १६७० मध्ये. चौथीत ही ओळ वाचताना वर्गात आनंदीआनंद असतो. तेच मूल बाराव्या-तेराव्या वर्षी सुरतेच्या चौकबाजारात उभे राहिले, आजूबाजूची दुकाने आणि त्यांतली माणसे त्याने पाहिली, की ते विचारते, “म्हणजे इथल्याच लोकांना लुटलं ना?” या प्रश्नाच्या उत्तराची तयारी नसेल तर तिकिटे काढण्याची घाई करू नये.

तयारी फार मोठी नाही. शाइस्ताखान पुण्यात तळ ठोकून तीन वर्षे मुलूख उद्ध्वस्त करीत होता. स्वराज्याची तिजोरी रिकामी होत आली होती आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज तेथे पोचले तेव्हा शहराला मातीच्या भिंतीपलीकडे तट नव्हता. मोगल अधिकारी इनायतखान स्वतः किल्ल्यात जाऊन बसला आणि नगरजन उघड्यावर राहिले. वीरजी व्होरासारख्या कोट्यधीशांचे वाडे लुटले गेले. पण कॅप्युचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लागला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो दानशूर होता म्हणून, सोडून दिले, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. इंग्रजांच्या कागदांत मात्र पैशांसाठी पकडलेल्या माणसांच्या हालांची वर्णनेही आहेत. मुलांना दोन्ही सांगावे. गाळून दिलेला इतिहास या वयाच्या मुलांना लगेच ओळखू येतो, आणि मग ती आपल्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

स्थळे थोडीच घ्यावीत. तापीकाठचा किल्ला पहिला. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना कंटाळून गुजरातच्या सुलतानाने तो सोळाव्या शतकात खुदावंदखानाकडून बांधून घेतला. आता महानगरपालिकेने दुरुस्त करून तेथे संग्रहालय मांडले आहे. जवळच मुघलसराई आहे. हजच्या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेल्या या इमारतीत आज महानगरपालिकेचे कार्यालय भरते.

पण माझ्या मते मुलांना खरी गोडी लागते ती कातारगाम दरवाजाकडच्या इंग्रज व डच कबरस्तानांत. नाव ऐकून आई नाक मुरडील, तरी न्यावेच. १६६४ मध्ये इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ मध्ये वारला. तो व त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची घुमटाची भव्य कबर इथे आहे. पाठ्यपुस्तकात ‘शत्रुपक्ष’ एवढेच नाव असलेला माणूस इथे एकदम खरा होतो. त्याच्यावर ताण करावी म्हणून डचांनी व्हान रीड याची कबर आणखी मोठी बांधली, असे म्हणतात. हा व्हान रीड म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा कर्ता. १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी वैद्यांचे निवेदन देवनागरी लिपीत छापलेले आहे. आपल्या मराठी-कानडी विभागांच्या वाचकांना हे जाता जाता सांगावेसे वाटले.

वाट विचारण्याचे काम मुलांवर सोपवावे. गुजराती पाट्या म्हणजे शिरोरेषा पुसलेली देवनागरीच. ‘क’, ‘ज’, ‘ब’ अशी काही अक्षरे अडवतात, पण दोन लिप्यांच्या पाट्यांत वाढलेल्या आपल्याकडच्या मुलांना ती तासाभरात जमतात. उधना-लिंबायत भागात तर मराठी आणि अहिराणी कानावर पडते. तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून कापडधंद्यासाठी आलेली ही कुटुंबे. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही येथे आहेत. १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातला मराठी जोडा प्रथम सुरेंद्रनाथांना लागून मग फेरोजशहांना लागला, ही हकीकत मात्र रिक्षात बसल्यावर सांगावी. पोरे पोट धरून हसतात, आणि जहाल-मवाळ वेगळे सांगावे लागत नाहीत.

काळ कोणता? नाताळची सुट्टी उत्तम. तेव्हा ‘पोंक’ येतो, म्हणजे आपला जोंधळ्याचा हुरडाच, पण शेव घालून आणि थाटाने विकला जाणारा. सकाळी लोचो, दुपारी मुलांना विज्ञानकेंद्रात मोकळे सोडावे, संध्याकाळी डुमसच्या काळ्या वाळूवर टोमॅटोची भजी. संग्रहालयांच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. दिवाळीनंतर लगेच जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की लाभपंचमीपर्यंत तेथील बाजारपेठ बहुतेक बंद असते. आईला साड्या घेण्याचे वचन दिले असेल तर बेत त्याप्रमाणे पुढे ढकलावा.