महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पक्षीय संघटनेतील नेतृत्व : निवड की नियुक्ती?

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. १९८८ मध्ये संमत झालेली ही दुरुस्ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली आणि पदवीच्या प्रथम वा द्वितीय वर्षात शिकणारा विद्यार्थी देशाचा पूर्ण मतदार झाला. पुढे त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांनी २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढविण्यास वयाची अडचण राहू दिली नाही. तृतीय वर्षाच्या वर्गात बसलेली विद्यार्थिनी कायद्याने आपल्या गावची सरपंच होऊ शकते. ही केवळ कल्पना नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या महापौरपदी निवडून आलेल्या आर्या राजेंद्रन त्या वेळी २१ वर्षांच्या होत्या, गणिताच्या पदवी वर्गात शिकत होत्या आणि स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या (एसएफआय) कार्यकर्त्या होत्या.

मतदानाचे वय खाली आल्यानंतर पाचच वर्षांनी, महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातील वर्गप्रतिनिधी निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्यांकडे न ठेवता प्राचार्यांकडे दिला. ज्याने लोकसभेसाठी मत द्यावे असे राज्यघटना म्हणते, त्याने वर्गाच्या प्रतिनिधीसाठी मत देऊ नये असे राज्याचा कायदा म्हणू लागला. या विसंगतीचा विद्यार्थी-नेतृत्वाच्या घडणीवर काय परिणाम झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्यार्थी संघटना आणि पक्ष

विद्यार्थी-नेतृत्व हा शब्द सैलपणे वापरला जातो. वर्गाने किंवा महाविद्यालयाने निवडलेला प्रतिनिधी, एखाद्या प्रश्नावरून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचा पुढारी आणि राजकीय पक्षाच्या विद्यार्थी शाखेचा पदाधिकारी हे तिघेही ‘विद्यार्थी नेते’ म्हणविले जातात. तिघांच्या अधिकाराचा उगम मात्र वेगळा आहे. पहिल्याला मतदार असतात, दुसऱ्याला अनुयायी असतात, तर तिसऱ्याजवळ वरिष्ठांचे नियुक्तीपत्र असते. अर्थात एकच व्यक्ती या तिन्ही भूमिका करू शकते, आणि ज्यांची नावे पुढे देशाला माहीत झाली त्यांच्यापैकी अनेकांनी त्या केल्याही आहेत.

पक्ष आणि विद्यार्थी संघटना यांचे नाते स्वातंत्र्यपूर्व काळापासूनचे आहे. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनची स्थापना ऑगस्ट १९३६ मध्ये लखनौ येथे झाली. त्या अधिवेशनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले व अध्यक्षस्थानी बॅ. जिना होते, ही गोष्ट आज वाचताना थोडे थांबावयास लावते. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद १९४९ मध्ये नोंदली गेली. एसएफआय १९७० मध्ये, तर नॅशनल स्टुडंट्स युनियन ऑफ इंडिया १९७१ मध्ये केरळ व पश्चिम बंगालमधील काँग्रेसप्रणीत संघटनांच्या विलीनीकरणातून स्थापन झाली. यांतील प्रत्येक संघटना पक्षाशी असलेले आपले नाते निराळ्या रीतीने सांगते. विद्यार्थी परिषद स्वतःला कोणत्याही पक्षाची शाखा मानत नाही व तिच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी सामान्यतः प्राध्यापक असतात. ‘विद्यार्थ्यांचे राजकारण’ या विषयाकडे अध्यापकवर्ग बाहेरून पाहतो असे जे गृहीत धरले जाते, ते त्यामुळे तितकेसे खरे नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत ठळक उदाहरण बिहारचे आहे. पाटणा विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष म्हणून १९७३ मध्ये लालूप्रसाद यादव निवडून आले, तर सरचिटणीसपदी सुशीलकुमार मोदी होते. पुढील वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्याला आयते संघटन मिळाले ते विद्यार्थी संघाचे. १९७७ मध्ये लालूप्रसाद लोकसभेत पोहोचले तेव्हा ते तिशीच्या आतले होते. तत्पूर्वी गुजरातेत, अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील भोजनालयाच्या वाढीव बिलावरून डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झालेल्या असंतोषाचे पर्यवसान फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या राजीनाम्यात झाले होते. आसामात तर विद्यार्थी संघटनेच्या नेत्यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये पक्षच स्थापन केला आणि डिसेंबरमध्ये प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले.

विद्यार्थी आंदोलने स्वभावतःच पुरोगामी असतात, हा समज मात्र तपासून घ्यावयास हवा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतरच्या संघर्षात नामांतराच्या बाजूने जसे विद्यार्थी होते, तसेच विरोधातही होते. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

महाराष्ट्रातील बदल

महाराष्ट्रात १९७० व १९८० च्या दशकांत महाविद्यालयीन निवडणुका थेट होत. त्यांत पैसा, बाहेरची माणसे व हाणामाऱ्या यांचा शिरकाव वाढत गेला. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाल्यानंतर निवडणुका नकोत अशी भावना पालक, प्राचार्य व शासन या तिघांतही प्रबळ झाली. ती अनाठायी होती असे म्हणणे त्या वर्षांवर अन्याय करणारे होईल. परीक्षेच्या तोंडावर महाविद्यालयाच्या दारात पोलीसगाडी उभी असणे कोणत्याही प्राचार्याला परवडणारे नव्हते.

१९९४ च्या कायद्यातील कलम ४० नुसार विद्यार्थी परिषदेची रचना अशी ठरली : अध्यक्ष प्राचार्य, आदल्या वर्षीच्या परीक्षेतील गुणवत्तेनुसार प्रत्येक वर्गातून प्राचार्यांनी नेमलेला एक विद्यार्थी, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांतून प्रत्येकी एक, आणि दोन विद्यार्थिनी. या नेमलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्यातून सचिव निवडावयाचा. मतदान संपले नाही, ते आकसले. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांऐवजी पंधरावीस जणांनी मत द्यावयाचे, आणि पुढे विद्यापीठ पातळीवर महाविद्यालयांच्या सचिवांनी.

राजकारणाच्या अभ्यासकाला येथेच धोका दिसावयास हवा होता. मतदारसंघ जितका लहान, तितके एका मताचे मोल अधिक आणि त्या मताला वळविणे तितके सोपे. नगराध्यक्षाच्या किंवा जिल्हा परिषद अध्यक्षाच्या अप्रत्यक्ष निवडणुकीत सदस्यांना ‘सहलीला’ नेण्याची रीत महाराष्ट्राला परिचित आहे. विद्यापीठ प्रतिनिधींच्या निवडणुकीतही तिचे अनुकरण झाल्याच्या बातम्या वेळोवेळी येत राहिल्या. गुणवत्ता यादीत पहिला आलेला, सभाधीट नसलेला, बहुधा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेला विद्यार्थी अचानक मौल्यवान मतदार ठरत असे. त्याच्यावर येणारे दडपण हे थेट निवडणुकीतील गोंगाटापेक्षा कमी दिसणारे होते, कमी घातक नव्हते.

पण याहून मोठा परिणाम दुसरा होता. निवडणुका गेल्या, पक्ष गेले नाहीत. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा शाखाफलक तसाच राहिला. पक्षांच्या विद्यार्थी शाखांमध्ये शहराध्यक्ष, तालुकाध्यक्ष, जिल्हा सरचिटणीस अशी पदांची उतरंड कायम राहिली, किंबहुना नव्या पक्षांबरोबर नव्या शाखा आल्या. बदलले ते नेतृत्वाचे प्रमाणपत्र. पूर्वी पक्षाला विद्यार्थ्यांमध्ये माणूस हवा असेल तर त्याने निवडून येण्याजोगा विद्यार्थी शोधावा लागे. पक्षाच्या पाठिंब्याची किंमत शेवटी मतपेटीत ठरे. आता पक्षाने ज्याच्या हाती नियुक्तीपत्र दिले तो नेता झाला. आपण कोणाचे प्रतिनिधी आहोत याचे उत्तर त्याला वर्गात द्यावे लागत नाही. पक्ष कार्यालयात द्यावे लागते.

या दोन उत्तरदायित्वांत फरक काय, हे प्राध्यापकांना रोजच्या व्यवहारात जाणवते. नियुक्त पदाधिकाऱ्याची महाविद्यालयाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा निवेदनाच्या निमित्ताने. प्रवेश, शुल्क, वसतिगृह, निकालातील घोळ हे प्रश्न खरे असतात. कित्येकदा विद्यार्थ्यांच्या वतीने ते मांडणारा तेवढाच एक जण असतो, आणि त्याच्या रेट्यामुळे रखडलेली शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थीही असतात. तथापि निवेदन देताना काढलेले छायाचित्र स्थानिक वर्तमानपत्रात आले की त्याच्या दृष्टीने कामाचा मोठा भाग संपलेला असतो, कारण ज्यांना ते दिसावयाचे त्यांना ते दिसलेले असते. निवडून आलेल्या सचिवाला पुढील आठवड्यात वर्गमित्र विचारतात, ‘त्याचे काय झाले?’ हा प्रश्न विचारणारे कोणी नसणे ही नेतृत्वाच्या शिक्षणातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. पराभव पचविण्याची संधी नसणे ही दुसरी. निवडणुकीत हरलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बाकावर बसतो. पद काढून घेतलेला पदाधिकारी बहुधा पक्ष बदलतो.

पक्षीय कामात शिकण्यासारखे काही नसते, असा याचा अर्थ नाही. मतदारयादी वाचणे, केंद्रनिहाय संपर्काची विभागणी करणे, पन्नास माणसांची बैठक वेळेवर सुरू करून वेळेवर संपविणे, सभेची परवानगी काढणे ही कौशल्ये कोणत्याही अभ्यासक्रमात नीट शिकविली जात नाहीत. नितीन गडकरी, प्रमोद महाजन, विनोद तावडे यांची जडणघडण विद्यार्थी परिषदेच्या कामात झाली. देवेंद्र फडणवीस यांनी १९९२ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते नागपूरचे नगरसेवक झाले. दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर २०१० मध्ये युवासेनेची स्थापना होऊन तिची धुरा आदित्य ठाकरे यांच्याकडे आली तेव्हा ते वीस वर्षांचे होते व मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकत होते. कार्यकर्ता म्हणून पायऱ्या चढून आलेले नेतृत्व आणि घराण्यातून आलेले नेतृत्व यांपैकी कोणते टिकाऊ, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की थेट निवडणूक बंद झाल्यावर ज्याच्यामागे घर, पैसा वा संघटना नाही, अशा विद्यार्थ्याचा वर जाण्याचा एक मार्ग बंद झाला. वर्गमित्रांची मते एवढेच ज्याचे भांडवल, त्याला ते वटविण्याची जागा उरली नाही.

लिंगडोह समिती व नंतर

विद्यार्थी निवडणुकांचा प्रश्न केरळमधील एका वादातून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या २ डिसेंबर २००५ च्या आदेशानंतर माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २००६ मध्ये आला व २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने शिफारशींची अंमलबजावणी करण्यास सांगितले. प्रत्येक उमेदवारास खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील भित्तिपत्रकांना मनाई, पदवी वर्गातील उमेदवाराचे वय १७ ते २२, ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरविलेली उपस्थिती, पदाधिकारीपदासाठी एकदाच उमेदवारी आणि राजकीय पक्षांचा पैसा व सहभाग यांना बंदी, या त्यांतील ठळक तरतुदी होत.

हेतू निर्मळ असला तरी या नियमांत एक गृहीतक आहे : पक्षाला दाराबाहेर ठेवले की निवडणूक शुद्ध राहील. प्रत्यक्षात काय होते ते दिल्लीने दाखविले. दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाच्या सप्टेंबर २०२४ मधील मतदानानंतर भिंती व सार्वजनिक मालमत्ता यांवरील प्रचारसाहित्य साफ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणी थांबविली. ती नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. हस्तलिखित भित्तिपत्रके आणि पाच हजारांची मर्यादा असलेल्या निवडणुकीची ही अवस्था. शिवाय निवडून आलेल्या पदाची मुदत एक वर्ष व संधी एक, तर पक्षाच्या विद्यार्थी शाखेतील पदाला अशी कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही. महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्याने आपला वेळ कोठे गुंतवावा, याचे उत्तर नियमांनीच देऊन ठेवले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यातील कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व मागास प्रवर्गातील प्रतिनिधी यांची थेट निवडणूक परत आणली. वर्गप्रतिनिधीही वर्गाने निवडावयाचा. त्यासाठीचे परिनियम २०१८ मध्ये निघाले व २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले. तथापि विधानसभा निवडणुकीच्या त्या वर्षी ते पुढे ढकलले गेले, आणि नंतर करोनाची महासाथ आली.

त्याच कायद्याखालील अधिसभेत मात्र नोंदणीकृत पदवीधरांच्या जागा पक्षांशी संलग्न संघटना उघडपणे लढवितात. मुंबई विद्यापीठात या दहाही जागा २०१८ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२४ मध्ये युवासेनेने जिंकल्या. पदवी मिळाली की पक्षीय राजकारण विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठित ठरते. पदवीपूर्वी ते शिस्तभंगाच्या जवळ जाते. विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत पक्षांच्या उमेदवारांना मत देणाऱ्या अध्यापकांनाही हा भेद समजावून सांगणे सोपे जाणार नाही.

थेट निवडणूक होईपर्यंत महाविद्यालयाच्या हाती जे आहे ते फार मोठे नाही, पण शून्यही नाही. जिमखाना निधी व स्नेहसंमेलनाचा जमाखर्च विद्यार्थी प्रतिनिधीने सर्व विद्यार्थ्यांसमोर वाचून दाखवावा व त्यावर प्रश्न घ्यावेत, याला कोणत्याही परिनियमाची आडकाठी नाही. वर्गप्रतिनिधी सुचविण्यापूर्वी वर्गात चिठ्ठ्यांद्वारे कल घेता येतो. पक्षाचा पदाधिकारी असलेल्या विद्यार्थ्याचे निवेदन स्वीकारताना, तो ज्यांच्या वतीने बोलतो त्यांच्यापैकी चार जणांना सोबत घेऊन बसण्यास त्याला सांगता येते, आणि पंधरा दिवसांनी त्याच चौघांसमोर त्याला उत्तर देता येते.