मध्यंतरातलं टेबल

संपादकांनी पर्यावरणपटांच्या महोत्सवावर लिहायला सांगितलं होतं. मी माहिती काढायला बसलो आणि एका धरणापाशी अडकलो. महोत्सवाचं नाव 'वाइल्ड अँड सीनिक फिल्म फेस्टिव्हल'. तो भरतो कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याशी, नेवाडा सिटी आणि ग्रास व्हॅली या शेजारशेजारच्या गावांत. (नाव नेवाडा असलं तरी गाव शेजारच्या राज्यात नाही. पत्ता शोधणाऱ्यांची हमखास फसगत होते.) भरवणारी संस्था मात्र सिनेमावाल्यांची नाही, नदीवाल्यांची आहे: साउथ युबा रिव्हर सिटिझन्स लीग.

संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. दक्षिण युबा नदीवर जलविद्युत धरणांचे प्रस्ताव आले, म्हणून 1983 मध्ये गावकरी एकत्र आले. कॅलिफोर्नियात 1972 पासून नद्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या यादीत नदीचा जो टप्पा जातो, त्यावर नवं धरण बांधता येत नाही. 1999 मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या सहीनं दक्षिण युबाचा 39 मैलांचा, म्हणजे सुमारे 63 किलोमीटरचा टप्पा त्या यादीत गेला. कायद्यातल्या त्या दर्जाचं नाव 'वाइल्ड अँड सीनिक'. 2003 मध्ये महोत्सव सुरू झाला, तो हेच नाव घेऊन.

लढा जिंकल्यावर संघटना विरतात, हे आपण इथेही पाहिलंय. धरण येणार म्हटलं की सभेला अख्खं गाव लोटतं. धरण रद्द झाल्यावर वर्गणी मागायला कुठल्या तोंडानं जायचं? महोत्सव हे या अडचणीवरचं उत्तर होतं, असा माझा तर्क आहे. महोत्सवाच्या चित्रपटगृहांपैकी एक आहे 1865 सालचं नेवाडा थिएटर. मार्क ट्वेननं तिथे व्याख्यान दिलं होतं.

पण मला खिळवून ठेवलं ते महोत्सवाच्या फिरत्या शाखेनं. मूळ महोत्सवातले निवडक चित्रपट वर्षभर अमेरिकेत शंभराहून अधिक ठिकाणी जातात. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या आपल्या टुरिंग टॉकीजसारखंच हे, फक्त तंबू दुसऱ्याचा असतो. एखाद्या राज्यातली जंगल किंवा नदी वाचवणारी संस्था यजमान होते. ती शुल्क भरते आणि उपलब्ध यादीतून आपल्या भागाला लागू पडतील असे लघुपट निवडते. मग संध्याकाळभराचा कार्यक्रम बांधायचा, गावातलं थिएटर ठरवायचं, तिकिटं विकायची. चित्रपटांचे हक्क, प्रती, जाहिरातीचं साहित्य, ही सगळी कटकट युबावाल्यांकडे. यजमानानं फक्त माणसं आणायची.

आणि मध्यंतरात बाहेर एक टेबल मांडायचं. त्यावर सभासदत्वाचे अर्ज, आमदारांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे, नदीसफाईसाठी नाव नोंदवायची वही. माझ्या मते या सगळ्या यंत्राचा चालता भाग हे टेबलच आहे. अमेरिकी करकायद्यानुसार अशा धर्मादाय संस्थांना निवडणुकीत कुणाचा प्रचार करता येत नाही, कायदे करून घेण्यासाठी आमदारांकडे खेटे घालायचे तेही मर्यादेत. लोकशिक्षणाला मात्र आडकाठी नाही. सिनेमा दाखवणं त्या चौकटीत चपखल बसतं.

या पद्धतीची धास्तीही वाटते. तिकीट काढून नदीवरचा सिनेमा बघायला कोण येणार? ज्याला नदी आधीपासूनच प्यारी आहे तो. शिवाय पडद्यावरच्या नद्या फार देखण्या असतात: वरून टिपलेलं निळंशार पाणी, खडकांवरून उड्या मारणारी तरुण मंडळी. युबाचे डोह असेच देखणे आहेत आणि उन्हाळ्यात तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. दर सप्टेंबरात हीच संस्था स्वयंसेवक जमवून नदीकाठचा कचरा उचलते. नदीचं कौतुक करायचं आणि त्या कौतुकानं ओढून आणलेली गर्दीही निस्तरायची, अशी ही दुहेरी चाकरी.

खरा पेच खाली, युबावरच्याच एंगलब्राइट धरणापाशी आहे. 1853 पासून या भागात सोन्यासाठी पाण्याच्या तोफांनी डोंगर फोडले गेले. सोनं पकडायला पारा वापरत. त्यातला बराच गाळाबरोबर वाहून गेला. गाळानं खालच्या मेरिसव्हिल गावाजवळ नदीचं पात्र रस्त्यांपेक्षा उंच झालं. शेतकऱ्यांच्या बाजूनं खटला उभा राहिला आणि न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी 1884 मध्ये नदीत राडारोडा सोडायला मनाई केली. तरी डोंगरात उरलेला गाळ येतच राहिला. तो अडवायला 1941 मध्ये सुमारे 260 फूट उंचीचं एंगलब्राइट बांधलं. त्यात माशांसाठी वाट ठेवली नाही. समुद्रातून अंडी घालायला परतणारा चिनूक सॅमन तेव्हापासून भिंतीखालीच अडतो. भिंत पाडावी, तर मागे साठलेल्या गाळाचं आणि त्यातल्या पाऱ्याचं काय करायचं? हा प्रश्न पंधरा मिनिटांच्या लघुपटात मावत नाही. मावला तरी प्रेक्षक टाळ्या कुठे वाजवणार?

2024 मध्ये सरकारी खात्यांनी प्रयोग म्हणून सॅमनची अंडी धरणाच्या वर, उत्तर युबा या दुसऱ्या शाखेच्या खडीत पुरली. पिल्लं खाली निघाली की जाळ्यात धरायची, टँकरमध्ये भरायची आणि धरणाच्या खाली नेऊन सोडायची. ही ने-आण किती वर्षं चालवायची, हा पैशाचा प्रश्न आहे, आणि तो सार्वजनिक बैठकांत सुटतो.

आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव उद्योगसमूहाच्या पाठबळावर भरतो, राज्यातल्या इतर शहरांतही जातो. लहान गावांत नदीवरचे माहितीपट दाखवणारी मंडळंही आहेत. त्या सगळ्यांना एक विनंती. पुढच्या जनसुनावणीची तारीख, हरकती-सूचना पाठवायचा पत्ता आणि शेवटचा दिवस एवढं प्रवेशिकेच्या मागे छापा, आणि मध्यंतरात टेबलापाशी असं माणूस बसवा, ज्याला हरकतीचा अर्ज भरून देता येतो.